अझहरच्या कळा

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गाळ्यावर आमचं ऑफिस.
चार खुर्च्या, तीन माणसं, एक दमलेला पंखा
आणि कीबोर्डच्या फटींत बारीक पिवळी धूळ.
ब्रशनं झटकली तरी दुपारपर्यंत परत येते.

पहिल्या दिवशी मी एफ दाबलं.
सगळ्या जगात एफ दाबलं की निवडलेली वस्तू समोर येते.
इथं गेमच सुरू झाला.
डब्ल्यू दाबलं, तर कंदील सरकायचा सोडून
जागच्या जागी फिरला.
सेव्ह करायला गेले
तर एकाचे दोन कंदील झाले, मग चार.

मगदूम सर खालून चहा घेऊन आले.
"अझहरच्या कळा आहेत त्या.
सतारमेकरांचा, मिरजेचा. पुण्याला गेला.
मूळ सेटिंग पाहिजे तर मेनूत आहे बघा, एक क्लिक."

कळा म्हणजे दुखणंही.
पहिला आठवडा दोन्ही अर्थांनी गेला.

एक कळ बदलायला घेतली, तर पाटी आली:
ही कळ आधीच दुसऱ्या कामाला लावलेली आहे.
काढून इथे लावू का?
एसटीत रुमाल टाकलेली सीट उचलताना
माणूस जसा इकडं तिकडं बघतो,
तशी मी बघितलं, आणि नको म्हटलं.

आमचा गेम हरिपूरच्या पेवांचा.
जमिनीखाली रांजणासारखी पोकळी,
हळद भरायची, तोंड मातीनं लिंपायचं.
उघडल्यावर लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
विझला, तर खाली हवा नाही.
आमची पदमल अकरा वर्षांची, दोरी तिच्या हातात.

आठेक दिवसांनी माझाच हात मला सांगायला लागला.
डब्ल्यूवर फिरवणं, कारण या गेममध्ये
कंदील हलवायचा कमी, दोरीला पीळ द्यायचा जास्त.
एफवर खेळ, कारण एफवर तो बारीक उंचवटा असतो,
न बघता सापडतो,
आणि अझहर दर दहा सेकंदांनी खेळून बघत असणार.
घाई नव्हे ती. खात्री नसायची त्याला.
सेव्हचं कारण मात्र मला अजून सापडलेलं नाही.

यादीत तळाला एक आज्ञा होती, नाव नुसतं "ते".
शिफ्ट आणि एच.
वर उन्हात, पेवाच्या तोंडाशी दाबून बघितली.
काहीच झालं नाही.

शेवटी फोन लावला. मागं कुकरची शिट्टी.
"शिफ्ट आणि एच? काय की हो,
आता दुसरा एडिटर आहे, बोटं नव्यानं मोडून घेतली.
तोंडानं नाही सांगता यायचं. थांबा, हात टेकू दे."

ओट्यावर बोटं वाजली.
सतारीचा भोपळा घेण्याआधी वाजवून बघतात, तशी.
टक. टक टक.
बराच वेळ नुसता कुकर.

"अंधार," तो म्हणाला. "अंधार पडतो का त्यानं?
बाकीचे सगळे दिवे जात असतील,
कंदील तेवढा राहत असंल."

फोन तसाच ठेवून मी पेवात उतरले, दाबलं.
मी लावलेले सुंदर दिवे, भिंतीमागून सोडलेला निळसर उजेड,
सगळं गेलं.
पदमलच्या पायाशी ताटाएवढा पिवळा गोल उरला
आणि त्याच्या काठावर एक पायरी,
जी मी तीन दिवस चुकीच्या जागी ठेवली होती.

"पडला का?" फोनमधून आवाज.
पडला, म्हटलं.

मूळ संचाला हात लावता येत नाही,
आधी प्रत काढावी लागते.
मी त्याची नाही, अझहरच्या संचाची प्रत काढली.
सेव्ह तेवढं जागेवर आणलं.
"ते"ला "ते"च राहू दिलं.
प्रतीला नाव विचारलं, तेव्हा सर शटर ओढत होते,
तर "प्रत" एवढंच लिहून उठले.

विश्रामबागच्या सिग्नलला स्कूटर थांबते,
डावा हात मुठीवर,
पहिलं बोट रबरावर एफ शोधत राहतं.
तिथं उंचवटे पुष्कळ असतात.