बुडबुड्यांची बाजू

लक्ष्मीपुरीतून आणलेला माशांचा पंप
टाकीच्या तळाशी ठेवून मी बटण दाबते.
हिरवा लेसर अलीकडच्या काचेतून शिरतो,
पलीकडे डोळा लावून बसलेला डायोड
शून्य, एक, एक, शून्य टिपत असतो,
तोवर एक ठसठशीत बुडबुडा वर येतो
आणि अख्खं अक्षर गिळतो.

बारीक बुडबुडे गिळत नाहीत,
उजेड नुसता विस्कटतात.
हीटर लावला की पाणीच हलतं आतल्या आत;
गुऱ्हाळात चुलवाणापलीकडचा माणूस दिसतो
तसा ठिपका थरथरतो, डायोडवरून घसरतो.
वहीत लिहिते: चुका, दर हजारी दोनशे बारा.

आण्णा डबा घेऊन आले विद्यापीठात.
पंचगंगेत कुणी बुडालं की
पोलीस त्यांनाच हाक मारतात, तीस वर्षं झाली.
टाकीपुढे उकिडवे बसले, बराच वेळ.
"हे बुडबुडे घालवायचेत व्हय तुला?"
हो म्हणाले.
"बंधाऱ्यावर आम्ही त्येच शोधतो की गं.
बुडबुडा आला म्हंजे
खाली कोणतरी हाय अजून."

मी काही बोलले नाही. डबा उघडला.
पंप चालूच होता.

संध्याकाळी लेसरपुढे दोन भिंगं सरकवली.
सुईएवढा किरण रुपयाएवढा केला.
आता बुडबुडा मधोमध आला तरी
कडेकडेनं थोडा उजेड पोचत होता.
चुका एकोणीस.

त्या एकोणीस मी खोडल्या नाहीत.
प्रत्येकीपुढे वेळ लिहिली,
सेकंदासकट.