रकाना चौदा

इथे वर्ष संपतं जूनच्या तीस तारखेला.
पोर्ट पिरीत थंडी, आणि आखातावरचा वारा
चिमणीचा धूर आमच्याच गल्लीत आणून टाकतो.
मी दर मंगळवारी येते हिशेब बघायला.
एकतीस वर्षं शिशाच्या भट्टीत पगार वाटले,
पैचा फरक पडू दिला नाही.

या घराला पाटी नाही, नंबरही नाही.
आत सहा पलंग,
आणि टेबलावर सरकारी अर्ज, चोवीस पानी.
रकाना तीन : मंजूर पलंग.
रकाना चार : वापरलेल्या रात्री.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
इथे आधी पाय येतात,
एकात सपाता, एक अनवाणी,
आणि मग नोरीन ट्रेगेंझा माळ्यावरून गादी काढते.
सोफ्यावर निजलेली बाई कुठल्या रकान्यात?
मी ॲडलेडला फोन करून विचारलं.
तिकडचा मुलगा फार नम्र होता.
सोफा पलंगात धरत नाहीत, म्हणाला.

आठ : कुलपं. नऊ : सिमकार्डं, पेट्रोल.
अकरा : मोजता येण्याजोगे परिणाम.
तिथे नोरीनने एकदा लिहिलं होतं,
‘बेरिलने आज अख्खं सफरचंद खाल्लं.’
मी ते खोडलं.
खोडलेलंच तेवढं पाठ आहे मला त्या वर्षाचं.

चौदा : सुरक्षा साधने.
मार्चमध्ये रात्री दोनला एक पिकअप येऊन थांबली.
इंजिन चालूच.
ओरोरूच्या पलीकडून आलेली जॉर्जिना,
मनगटाला भांडी पुसायचं फडकं गुंडाळलेलं.
उतरेना.
मागे तीन पायांचा कुत्रा.
‘चौथा माझ्या वाटचा होता,’ एवढंच बोलली.
नियम : प्राणी आणू नयेत.
नोरीन गाऊनवर कोट चढवून थंडीत उभी राहिली,
बराच वेळ, काही न बोलता.
मग म्हणाली, आणा त्याला,
आम्हाला राखणदार हवाच होता.

तेव्हापासून डिझेलचं खाणं,
महिन्याला वीस किलोचं पोतं,
रकाना चौदात.
मी लिहिलं. मी.

मे महिन्यात पत्र : बाब चौदा, खुलासा करावा.
तीन मसुदे फाडले. चौथा पाठवला :
‘सदर साधन रात्री दारापाशी झोपते.
ते आल्यापासून पहिल्या खोलीतील मुले
दिवा मालवून झोपतात.
वीजबिलातील घट सोबत जोडली आहे.’

निधी आला. अकरा महिन्यांचा.
बाराव्याचं पुढच्या अंदाजपत्रकात बघू, असं.
मी तक्त्यात पुढच्या जूनची ओळ आखली
आणि पट्टी तशीच धरून बसले.
जॉर्जिनाला फ्लॅट मिळालाय, तिथे कुत्र्याला मनाई.
रविवारी येते, त्याला खाडीवर फिरवते,
येताना चिखलाचे सात ठसे,
नोरीन पुसायचं टाळते.

आत्ता फोन वाजला.
नोरीन उभ्यानेच ऐकतेय,
सहाही दारं बंद आहेत वरची.
‘हो,’ ती म्हणते, ‘जागा आहे. या.’
मी चष्म्यावरून सोफ्याकडे बघते.
डिझेल आधीच खाली उतरलाय.