टप्पे

एसटीत सहा किलोमीटरचा एक टप्पा धरतात.
बत्तीस वर्षं मी तोच धरला,
दिग्रस डेपो, बिल्ला सदतीसशे चौदा.
बोटाला अजून तिकिटांची शाई आहे असं वाटतं.
पाहिलं तर नसते.

काल अंबाडीची भाजी निवडता निवडता
लीलाने विचारलं,
व्हिएन्ना ते लिस्बन किती होते वो?

शेजारच्या सुगतने मोबाईलवर पाहिलं.
तेवीसशे किलोमीटर, काका. थेट विमान.
साडेतीन तास धरा.

मी जुन्या तिकीटपेटीच्या झाकणावर खडूने भागाकार केला.
तीनशे त्र्याऐंशी टप्पे, वर दोन किलोमीटर.
वरच्या दोनचाही आम्ही पुरा टप्पा लावायचो.
आज सोडून दिले.

साडेतीन तासांत आमची गाडी
यवतमाळहून वाशीमलाही धड पोचत नव्हती.
मानोऱ्याला गंगाराम ड्रायव्हर चहाला उतरायचा,
कुठल्याशा फाट्यावर एखादी म्हातारी बोकड घेऊन चढायची,
त्याचं तिकीट काहून, म्हणायची,
तो का सीटवर बसून राह्यला?

सुगत म्हणाला, लिस्बनचं घड्याळ तासभर मागे आहे.
दहाला निघालं विमान तर साडेबाराला उतरते.
अन् येताना?
येताना तो तास कापून घेतात.
हे मला लगेच समजलं.
हिशेबात तूट आली की आमच्याही पगारातून कापायचे.

व्हिएन्नात करुणा. दवाखान्यात रात्रपाळी.
लिस्बनला विश्वजित,
सायकलवर लोकांची जेवणं पोचवतो.
दोघांच्या मधात त्याच्या व्हिसाचे पैसे आहेत
आणि फोनवरचं एक वाक्य,
जे ती आम्हाला सांगत नाही
आणि तो म्हणतो, मी तसं बोललोच नाही.
तीन वर्षं झाली.
रविवारी दोघंही घरी फोन करतात,
आधी एक, मग दुसरा, दहा मिनिटं सोडून,
एकाच फलाटाला लागणाऱ्या दोन गाड्यांसारखे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याच गाडीला असायची दोघं,
कंडक्टरच्या सीटवर अर्धी अर्धी.
घाटाच्या वळणावर तिला मळमळलं
की हा झटकन टोपी पुढे करायचा.
माझी टोपी.
त्यांची मी अर्धी तिकिटं फाडायचो, खिशातले पैसे टाकून.
चेकर चढला तर तोंड दाखवता यावं.
ती तिकिटं त्यांनी कितीतरी दिवस दप्तरात ठेवली होती,
पुढं काय झालं त्यांचं, कोण जाणे.

लीलाने देठं पदरात गोळा केली.
म्हणाली, करुणाने तिकीट काढलं. येत्या शुक्रवारचं.
त्याला सांगितलं नाही म्हणे अजून.

मी काही बोललो नाही.
झाकणावरचा भागाकार हाताने पुसला,
पुन्हा मांडला. तेवढाच आला.

देठं गायीपुढे टाकून ती परत आली, दारातच थांबली.
ते विमान मुक्कामी असते का तिथं,
तिने विचारलं,
का लगेच वापस फिरते?