या बाजूने वर

अंबडला, गाळा नंबर सत्तेचाळीसमध्ये
माझं काम एवढंच:
पॅनेल आत बसलं, खिळे ठोकून झाले
की पेटीवर पत्र्याचा साचा धरायचा
आणि काळा रंग मारायचा.
एक बाण. एक पेला. एक छत्री.
खाली बंदराचं नाव.

पूर्वी दोनच साचे पुरायचे.
आता खैरनार साहेब दर महिन्याला नवा कापून आणतात:
मेट्रोचं स्टेशन, खाऱ्याचं गोडं करणारा कारखाना,
वाळूत उभं राहणारं एक शहर
ज्याला अजून नाव नाही, नुसता नंबर.
"तेलावर किती दिवस बसून खाणार ते,"
म्हणतात, आणि चहात बिस्किट बुडवतात.

मी विचारलं होतं एकदा,
तिथे पाऊसच नाही तर छत्री कशाला?
"नियम आहे."
मारली छत्री.

निवृत्ती, माझा भाचा, ओझरचा,
तिकडेच केबल ओढतो.
परवा व्हिडिओ कॉलवर खोली दाखवत होता:
आठ पलंग, वाळत टाकलेल्या विजारी,
मधोमध फळ्या जोडून केलेलं टेबल.
कोणीतरी त्यावर कांदा चिरत होतं.
थांब, म्हटलं, फोन जरा खाली घे.

कांद्याच्या सालीखाली माझी छत्री.
दांड्यापाशी रंग ओघळलेला,
त्या दिवशी सादिकनं फोर्कलिफ्टचा धक्का दिला होता,
तो.

बाण मात्र आडवा पडलेला,
दाराकडे.
काय आहे रे त्या बाजूला?
तो उठून बाहेर डोकावून आला.
"क्रेना, मामा.
सगळ्याच बाजूंना."