प्रश्न अकरावा

तासगाव. नववी ब. एक्केचाळीस मुलं,
एक्केचाळीस अर्ज, पस्तीस मिनिटं.
नाव लिहायचं नाही, मी तीनदा सांगितलं.
तरी चौघांनी लिहिलंच,
एकीनं नंतर इतकं खोडलं की कागद फाटला.

खिडकीतून बेदाण्याच्या शेडवरचा
गंधकाचा वास येत होता.
मुलांना तो येतच नाही म्हणे.

प्रश्न अकरावा:
ग्रुपवर कुणाची टर उडवताना दिसली, तर तुम्ही
मध्ये पडता? मोठ्यांना सांगता?
हसरा चेहरा टाकता? नुसतं पाहता?
पुढे पाच चौकोन,
'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत.

कुणाबद्दल विचारतेय, हे वर्गाला ठाऊक होतं.
तिसऱ्या बाकावरची प्रणोती कुंभार,
सव्वीस जानेवारीच्या भाषणात
'प्रजासत्ताक'च्या प्र वर अडकलेली.
चार सेकंदांची क्लिप, मागे ढोलकी जोडून
रात्रीतून सगळ्यांच्या फोनवर.
तीही मान खाली घालून खुणा करत होती.
तिचा अर्ज नेमका कशात मोजायचा,
मी ठरवलं नव्हतं.

सांगलीत, विश्रामबागच्या खोलीवर,
चाळणीवर बेदाणा धरावा तसे आकडे धरले.
जाड वर राहिला, बारीक खाली गळला.
नुसतं पाहणारे सव्वीस.
हसरा चेहरा नऊ, त्यातल्या दोघांनी
'सगळे टाकतात म्हणून' असं लिहून ठेवलेलं.
मोठ्यांना सांगणारी एक.

आणि एक अर्ज,
सगळीकडे 'कधीच नाही',
समासात पेन्सिलीनं, तिरकं:
मॅडम मी ग्रुपवर काय बोललो नाही.
पण रात्री सायकल काढून
तिच्या घरी कंपासपेटी मागायला गेलो.
माझ्याकडं दोन हायत.

सरांना फोन केला.
'समास मोजायचा नसतो,' सर म्हणाले,
'चौकोनात काय आहे ते बघा.'
बरोबरच होतं त्यांचं. मी एक दाबला.
रकाना भरला, खाली सरासरी जराशी हलली.

मग उगाच त्या पानामागून बोट फिरवलं.
पेन्सिल इतकी दाबलेली,
की अक्षरं पलीकडून लागत होती, उलटी.
दारात कोण आलं असेल? तिची आई?
प्रणोती काय म्हणाली असेल,
की काहीच न म्हणता
आतून पेटी आणून दिली असेल,
कर्कटकाचा स्क्रू ढिला आहे एवढं सांगून?

पेटी परत केलीस का रे,
विचारायचं आहे.
अर्जावर नाव नाही.
मीच सांगितलं होतं. तीनदा.