तीन उठाबशा

स्वयंपाकघराच्या मागे, तांदळाच्या पोत्यांवर
मी यंत्र मांडलंय.
बोटीवर बाई म्हणजे स्वयंपाकीण,
म्हणून पहिल्या दिवशी तिघांनी विचारलं, बीन्स कधी शिजणार?
आता कुणी विचारत नाही.
शर्ट काढून रांगेत उभे राहतात,
मास्कच्या कडेचे वळ गालांवर घेऊन,
आणि मी जेलची बाटली आधी काखेत धरून ऊब देते.
तळाशी शार्क आडवा गेला तरी न दचकणारी माणसं
गार जेलला दचकतात.

हार्लिस वुड. सव्वीस वर्षं. आज अकरा टाक्या.
लॉबस्टर पूर्वी साठ फुटांवर असायचे,
आता एकशे वीसवर, तेही लहान.
त्याच्या बरगड्यांच्या फटीतून मी आत पाहते:
चार खोल्यांचं घर, दारं उघडतात, मिटतात.
उजवीकडे अजून काळोख.
"उठाबशा काढ," मी म्हणते, "तीन."
"गुन्हा काय माझा?" तो विचारतो. रांग हसते.
पण वाकतो, उठतो, वाकतो,
आणि मांड्यांत दडून बसलेला वायू
निघतो.

आधी एक ठिपका.
मग पाच-सहा. मग
कुणी पीठ चाळायला घ्यावं तसं
काळ्या खोलीत पांढरं भुरभुरत येतं.
आवाजाची कळ फिरवते: रक्ताची सळसळ,
आणि तिच्यात तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं
चट चट चट.
रकान्यात लिहिते, तीन.
शून्य म्हणजे स्वच्छ. चार म्हणजे
ठोकाही ऐकू येत नाही.
"दुखतंय कुठे?"
"नाही. भूक लागलीय."

माझ्या वडिलांच्या वेळी यंत्र नव्हतं.
लीवा मायरिन होती, पाण्याची मालकीण:
तिच्यातलं जास्त घेतलंस
तर ती पायाला शिवते.
वडिलांना ती शिवली त्या वर्षी मी नऊची होते,
आणि घरात पहिल्यांदा भिंतीचं घड्याळ आलं होतं.
अजून ते तिला शिव्या देत नाहीत.
बोटमालकाला देतात.

राजधानीतल्या डॉक्टरीणबाईंनी शिकवताना बजावलं होतं:
बुडबुडे म्हणजे आजार नव्हे.
आभाळ भरून येतं, वाहून जातं;
आणि कधी एवढ्याशा ढगातून वीज पडते.
मी वहीत उतरवून घेतलं होतं, खाली रेघ मारून.

ओर्विन तातायोन, एकेचाळीस. आठ टाक्या.
मी लिहिलं, एक.
रात्री दोनला त्याच्या पोराने मला उठवलं,
तोच पोरगा जो दिवसभर वर होडी धरून बसतो
आणि बापाचे बुडबुडे बघत बघत वल्ही मारतो.
"बाबाला लघवी होत नाही.
पाय लाकडाचे झालेत म्हणतोय."

प्राणवायूची बोटीवर एकच टाकी, तीही अर्धी.
दाबकक्ष किनाऱ्यावर, सोळा तासांवर.
कप्तान दारात, हातात माझी वही.
"तूच लिहिलंयस. एक.
तीनवाला खाऊन घोरतोय.
बर्फाचं कोठार अर्धं रिकामं आहे, बाई."

आकडा पेन्सिलीने लिहिलेला होता.
खोडरबर पेन्सिलीच्याच टोकाला होता.
मी वीस मिनिटं लवकर पाहिलं होतं का?
की मी पाहिल्यानंतर तो पुन्हा उतरला,
एका टाकीसाठी, कुणाला न सांगता?

आकडा मी तसाच ठेवला.
शेजारी वेळ लिहिली, दोन वाजून दहा,
आणि त्याच्या छातीवर पुन्हा हात टेकवला.
उजवीकडे काळोख होता, शांत, धुतलेला.
सवयीने तोंडातून निघून गेलं:
"तीन उठाबशा काढ."

ओर्विनने आपल्या पायांकडे पाहिलं,
दुसऱ्या कुणाचे तिथे राहून गेल्यासारखे.
या वेळी कुणी हसलं नाही.
पोरगा वाकला आणि बापाचा एक गुडघा
दोन्ही हातांनी उचलून
दुमडायला लागला.

कप्तान वही टाकून वर गेला.
थोड्या वेळाने इंजिनाचा आवाज बदलला.
बोट वळतेय, की नुसती लाटेवर घसरतेय,
पडद्यावरून कळत नव्हतं.