चावीनंतरची लाइन

बेडगच्या चढावर फोन मेला
तेव्हा आइसबॉक्समध्ये रक्ताच्या एकोणीस नळ्या होत्या
आणि कुणाची कुठली, हे सगळं त्या फोनात.
लॅबला जायच्या आधी मालगाव रोडला वळले,
दस्तगीर मुजावरच्या शटरसमोर गाडी लावली
उताराला तोंड करून, नेहमीसारखी.

"जिनगोंडा चौगुल्यांची मार्शल न्हवं ही? हिला यूएसबी?
म्हातारीच्या कानात नव्या फॅशनचा डूल."
हसला, पण उठला. टेस्टलॅम्प घेतला.

अठ्ठ्याण्णवची गाडी. डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला.
फॉगलॅम्पच्या स्विचची जागा कारखान्यातच बुजवलेली,
इतकी वर्षं तिथं एक काळं झाकण
काहीही न करता बसून होतं.
"हेच भोक बरं हाय. नवीन पाडायला नको."

लाइन कुठनं घ्यायची यावर तो बराच वेळ बोलला.
बॅटरीवरनं थेट घेतली
तर निळा दिवा रात्रभर जागा राहतो, सकाळी गाडी थंड.
"चावीनंतरची घेऊ. चावी काढली की त्यानंबी झोपायचं."
पाच अँपिअरचा फ्यूज. अर्थ बॉडीला.
बाराचे पाच व्होल्ट सॉकेट आपल्या पोटात करतं,
गाडीला वय विचारत नाही.

मग उताणा होऊन तो आत शिरला,
पाय बाहेर, तोंडात टॉर्च,
टॉर्च काढून म्हणाला, "ही कुणी ओढली?"

एक वायर. कंपनीची नव्हे.
वीत-वीतभरावर हिरवी टेप मारलेली,
सेल्फच्या लाइनीला मधेच तोडून
रबरी मॅटच्या पोटातून ड्रायव्हरच्या सीटखाली गेलेली.
मी हात घातला.
बोटाला एक बटण लागलं.

इथं सांगायला हवं,
आण्णांशिवाय ही गाडी कुणाला चालू झाली नाही.
काका, भाऊजी, दूध सोसायटीचे सेक्रेटरी,
सगळ्यांनी चावी फिरवली, शेवटी सगळ्यांनी धक्का मारला.
"तिला हात कळतो," आण्णा म्हणायचे,
चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता.
ते गेले आणि सेल्फ कायमचा गप्प झाला.
आई म्हणाली, दुखवटा धरलाय तिनं.
मीही मानलं, थोडंफार.
दोनदा सेल्फ बदलला. एकदा बॅटरी.
दीड वर्ष उतार शोधत गाडी लावली,
सपाट गावांची कामं दुसऱ्याला दिली.

बटण दाबलं. चावी फिरवली.
एका झटक्यात!
दस्तगीरचं डोकं डॅशला आपटलं.
"चोरासाठीचा स्विच," डोकं चोळत तो बाहेर आला,
"वडील लई पोचलेले ओ."
मला हसू येत होतं, रागही,
आणि तिसरं काहीतरी,
त्या वायरीचा रंग मला ओळखता येईना.

"काढून थेट जोडू?"
नको म्हटलं. राहू दे तसंच.

सॉकेट बसलं. मोहरीएवढा निळा दिवा.
फोन दोन टक्क्यांवर उठला, हळूहळू नावं परत आली,
सगळ्यात वर हौसाबाई कांबळे, उपाशीपोटी.
एकशे ऐंशी सॉकेटचे, शंभर मजुरी.
"आणि सेल्फचे?"
"त्यात माझं काय? ते वडलांनीच करून ठेवलंय."

रविवारी भाऊजींना आरगला लग्नाला जायचं होतं.
चावी दिली.
गाडी घरामागं सपाट जागेत उभी होती, दीड वर्षात पहिल्यांदाच.
मी भांडी विसळत ऐकत होते,
चावी. परत चावी. दार उघडल्याचा आवाज, परत चावी.
बाहेर आले तर डॅशवर निळा दिवा व्यवस्थित लागलेला,
आणि भाऊजी घामाघूम.
"बघ की, आण्णा गेले तरी हिचा हट्ट काय गेला नाही."

हात कळतो तिला, मी म्हटलं,
आणि धक्का मारायला पदर खोचला.